भांगलण

रविवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाचा जिना चढून आलेली मुलं वरच्या पायरीवर चपला काढतात. किती जण आलेत, ते त्या चपलांवरून मला आत बसल्याबसल्या कळतं. सात जोड असले तर स्कॉलरशिपची सराव परीक्षा आहे, चार असले तर गावात लग्न आहे. चौदाच्या वर आकडा कधी गेलेला नाही. आठवी ते दहावीची मुलं, माण तालुक्यातल्या एका मध्यम गावातलं ‘क’ वर्गाचं वाचनालय, दोन लाकडी बाकं, एक सतरंजी आणि मी. शाळेतून निवृत्त झालो त्याच्या पुढच्या जूनमध्ये हे सुरू केलं. लिहायचं, वाचायचं आणि इतिहासाशी थोडी झटापट करायची, एवढाच बेत. वर्गाला नाव नाही. मुलं त्याला ‘रविवार’ म्हणतात. “रविवारला जातो” म्हणजे माझ्याकडे येतो.

पालक मात्र नावाशिवाय ऐकत नाहीत. पहिल्या महिन्यात एका वडिलांनी मोटारसायकल बंद न करताच विचारलं, “गुरुजी, ह्यानं मार्क किती वाढत्यात?” मी म्हटलं, सांगता येत नाही. “फी?” मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. फुकट आहे आणि मार्कही वाढत नाहीत, म्हणजे माणूस निवडणुकीला तरी उभा राहणार असेल. तरी त्यांनी मुलाला पाठवलं. घरी मोबाइल बघत बसण्यापेक्षा बरं, हे त्यांचं कारण, आणि मला ते कमी वाटलं नाही.

पहिल्या रविवारी मी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला. मुद्दाम दिला. चौदा वह्या आल्या आणि त्यातल्या अकरा वह्यांत धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता. आमचा हा पर्जन्यछायेचा मुलूख. माणगंगा इथेच उगम पावते आणि वर्षातला बराच काळ वाळूच दाखवते. धरणीमातेने शालू नेसलेला मी साठ वर्षांत पाहिलेला नाही. एखाद्या चांगल्या साली फार तर टॉवेल गुंडाळते. एका वहीत तर मोर थुईथुई नाचत होता. मी त्या मुलाला विचारलं, “मोर कुठं पाहिलास?” तो म्हणाला, “गाइडात.”

त्याचं चुकलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं की शालू आणि मोर आणि शेवटी ‘असा हा दिवस मी कधीच विसरणार नाही’ एवढं घातलं की मार्क पडतात. ते पाडणारा मीच होतो की. तीस वर्षं वह्यांचे गठ्ठे तपासताना शालूच्या शेजारी मी लाल शाईने बरोबरची खूण केली आहे. इतिहास हा माझा विषय, पण छोट्या शाळेत मराठीचे तासही गळ्यात पडतात, आणि साठ वह्या रात्रीत संपवायच्या म्हटल्यावर ओळखीचं वाक्य दिसलं की हायसं वाटतं. मुलांनी गाइड पाठ केलं ते माझ्यासाठी.

मग वाक्यं उपटायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपल्या वहीतलं, स्वतः डोळ्यांनी न पाहिलेलं जे असेल ते खोडायचं. पहिल्या फेरीत शालू गेला, मोर गेला, ‘निसर्गरम्य’ गेलं, ‘मन प्रफुल्लित’ गेलं. काही वह्यांत फक्त तारीख उरली. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “सर, ही तर भांगलण झाली.” त्या दिवसापासून आमच्याकडे खाडाखोडीला भांगलणच म्हणतात. “आज भांगलायचं का?” असं विचारून वहीवर पेन उघडतात. भांगलणीला बसलेली बाई पिकाचं रोप आणि तण बोटांनीच ओळखते, आणि ती ओळख पुस्तकातून येत नाही, हे या मुलांना मी शिकवायची गरज नव्हती. सुट्टीत ती कामं त्यांनीच केलेली असतात.

भांगलण झाल्यावर मोरवाल्या मुलाच्या वहीत तीन ओळी आल्या. पाऊस आला तेव्हा आई पळत गेली आणि सरपण आत घेतलं. मग गोवऱ्या घेतल्या. मग मला हाक मारली.

मी ते वाचलं आणि गप्प बसलो. त्याला वाटलं, कमी भरलं. “सर, अजून वाढवू?” मी म्हटलं, हात लावू नकोस.

वाचनाचं काम त्या मानाने सोपं गेलं, कारण नशीब आमच्या बाजूने होतं. शेजारचा आटपाडी तालुका हा व्यंकटेश माडगूळकरांचा. ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालचं, ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. यातली भाषा घरी आजी बोलते तीच आहे, आणि ती छापलेली आहे, जाड पुठ्ठ्यात आहे, वाचनालयाच्या कपाटाला कुलूप लावून ठेवली आहे, याचं मुलांना प्रचंड आश्चर्य वाटलं. शाळेत “न्हाई” म्हटलं की आम्ही मास्तर लोकांनी “नाही” म्हणायला लावलेलं. मग त्याच आटपाडीचे शंकरराव खरात वाचायला घेतले. ‘तराळ-अंतराळ’ १९८१चं. तोच मुलूख, तोच दुष्काळ. पण ‘बनगरवाडी’तला मास्तर गावात शिरतो तो रस्ता वेगळा आणि तराळकी करणाऱ्या बापाच्या मागून चालणारं पोर ज्या रस्त्याने जातं तो वेगळा. मी काही समजावून सांगितलं नाही. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “ही दोघं एकमेकांना ओळखत असतील का?” प्रश्न चांगला होता. तिने तो वहीत लिहून ठेवला, मीही माझ्या वहीत लिहून ठेवला.

इतिहासाची गोष्ट निराळी. २०१८ साली आलेलं दहावीचं इतिहासाचं पुस्तक हे माझ्या मते आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतलं एक धाडसी पुस्तक आहे. पहिलंच प्रकरण इतिहासलेखनावर. इतिहास कसा लिहितात, साधनं कशी तपासतात, पुरावा म्हणजे काय. व्हॉल्तेअर आहे, मिशेल फुको आहे. आणि या धाडसाचं आम्ही काय केलं? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, याची रिकामी जागा केली. माण तालुक्यातली पोरं फुकोचं नाव बिनचूक लिहितात आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा एक कागदही हातात धरलेला नसतो. एक मार्क मिळतो. फुकोला हे आवडलं असतं का, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

म्हणून मी मोडी आणली. मला मोडी बेताची येते. तरुणपणी सुट्टीतल्या एका वर्गात शिकलो, पुढे गंज चढला. पण मोडीला वळण असं की चौदा वर्षांच्या मुलाला ती गुप्त लिपीच वाटते, आणि त्या वयात गुप्त या शब्दाइतकं ओढ लावणारं काही नसतं. दोन पोरं मोडीत चिठ्ठ्या पाठवू लागली. मी एक चिठ्ठी पकडली, वाचली, आणि वाचता आली म्हणून मलाच इतका आनंद झाला की रागवायचं राहून गेलं. मजकूर इथे सांगत नाही.

त्याहून मजा आली ती कालगणनेची. पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. ‘इहिदे’ एक, ‘सितैन’ साठ, ‘मया’ शंभर, ‘अलफ’ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अकराशे एकसष्ट, म्हणजे पानिपतचं साल. हा शुहूर सन. त्यात कधी ५९९ मिळवायचे, कधी ६००, की इसवी सन येतो. का? तर या सनाचं वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा सुरू होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. राज्याचं वर्ष पेरणीपासून मोजायचं, ही गोष्ट आमच्याकडच्या पोरांना इंग्रजी जानेवारीपेक्षा लवकर पटली.

आणि इथेच मी आपटलो. सरावाच्या एका मजकुरावर ‘सलास सबैन मया व अलफ’ आणि पुढे माघ महिना होता. अकराशे त्र्याहत्तर. मी फळ्यावर ५९९ मिळवले आणि झोकात १७७२ लिहिलं. खाली अधोरेखाही मारली. खिडकीजवळची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, “सर, मृगापासून माघापर्यंत मधी जानेवारी आला ना? मग त्र्याहत्तर पाहिजे.” मी बोटांवर महिने मोजले. त्र्याहत्तरच. तीस वर्षं शिकवून झाल्यावर फळा पुसताना माणूस जितक्या सावकाश पुसतो तितक्या सावकाश मी तो पुसला. ही मुलगी पुढे या लेखात पुन्हा येणार आहे.

२०२३च्या सप्टेंबरनंतर आमच्या या मोडीला अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगाव गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, फडक्यांतून बाहेर निघाल्या. त्या मोडीत. वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्या पालकांनी मार्क विचारले होते, ते आता कागदांची झेरॉक्स घेऊन जिना चढू लागले. “गुरुजी, आजोबाचं नाव सापडतंय का बघा.” वर्गात चपलांचे जोड चौदाच राहिले, पण जिन्यात मोठ्या माणसांची गर्दी.

मुलंही घरातून कागद आणू लागली. कुणी फेरफाराचा उतारा, कुणी पणजोबांची सावकाराकडची पावती, कुणी देवघरात कुंकू वाहून ठेवलेलं एक पत्र. ते उलगडलं तर त्यात बैलाच्या खरेदीचा हिशेब. मी खुशीत होतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या गोष्टी सांगत होतो. त्यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली, १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, मग पुढे एकूण बावीस, कागद वाण्याच्या पुडीत जाण्याआधी तो माणूस तिथे पोचायला बघायचा. “तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघरात बघा. इतिहास घरात असतो,” असं मी भरून येऊन म्हणालो. माझ्या शिक्षकी आयुष्यातलं हे एक बेसावध वाक्य.

खिडकीजवळची मुलगी तीन रविवार हात हलवत आली. चौथ्या रविवारी मी विचारलं. ती म्हणाली, “आमच्या घरी कागद न्हाई सर. जमीनच नव्हती. कागद कशाचा असंल?”

तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी त्या वेळी जे उत्तर दिलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणालो, “बरं, मग तू दुसऱ्या कुणाच्या कागदावर काम कर.”

घरी गेल्यावर झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मुक्ता साळवेचा निबंध शोधून काढला. हा निबंध मी पूर्वीही वाचला होता, पण अभ्यासक्रमाच्या नजरेने: लेखिका, साल, महत्त्व. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्राने तिचा निबंध दोन भागांत छापला. म्हणजे तोही शाळेतल्या मुलीने लिहिलेला निबंधच. पुढच्या रविवारी मी तो मोठ्याने वाचला. धर्माचं पुस्तक आम्हाला बघायचीही मुभा नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती सरळ विचारते. इमारतींच्या पायात तिच्या जातीची माणसं पुरली त्याबद्दल लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, त्याबद्दल लिहिते. हिरवा शालू कुठेही नाही. वाचून झाल्यावर वर्गात कुणी पेन वाजवलं नाही, ही माझ्या वर्गात फारच मोठी गोष्ट आहे. मोरवाल्याने विचारलं, “ही कितवीत होती?” मी म्हटलं, शाळेत येऊन तिला तीन वर्षं झाली होती. “म्हंजी तिसरीत?” कुणी हसलं नाही.

खिडकीजवळच्या मुलीला मी म्हटलं, घरात कागद नसेल, आजी आहे ना? तिला बहात्तरचा दुष्काळ विचार. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या कितीतरी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं. आजीला विचारायचं मात्र तिला फारसं जड गेलं नसावं, कारण बुधवारीच वही आली. ‘१९७२ साली भीषण दुष्काळ पडला. लोकांचे अतोनात हाल झाले.’

मी वही परत दिली. “भांगलून आण.”

“काय राहील?”

“आजीच्या हातात काय होतं ते राहील.”

दुसऱ्या खेपेला आलेला मजकूर तिचा आहे, म्हणून तो जसाच्या तसा इथे देत नाही, त्यात काय होतं तेवढं सांगतो. आजी तेव्हा नवी नवरी. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसायची. खडीचा ढीग मोजून मजुरी मिळायची. डाव्या हाताने दगड धरायचा आणि उजव्या हाताने हातोडा मारायचा, म्हणून मार डाव्या हाताला लागतो. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. दगडाची कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून मारताना डोळे मिटायचे, आणि डोळे मिटले की पुन्हा बोटावर. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी तव्यावर टाकली की चिरा पडायच्या. सुकडी मिळायची ती पदराच्या गाठीत दिराच्या लेकरासाठी आणायची. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख अजून चपटं आहे, आणि ते कशाने, हे नातीने आजवर कधी विचारलं नव्हतं.

त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी ती रेटली, १९७७ला कायदा झाला. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे, साल आणि नाव, परीक्षेत एक मार्क.

मजकुराच्या शेवटी एक ओळ होती. आठवड्याला हजेरीपत्रकावर अंगठा उठवल्यावर पैसे मिळायचे. ती ओळ मी वाचत असताना मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, “सर, म्हंजी आमचा पण कागद होता.”

मला हे सुचलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

मग आम्ही दोघं आणि तिचे वडील, असे एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सोडून द्या. तिथला माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला, पंखा आमच्याकडे वळवला. बहात्तरची हजेरीपत्रकं म्हटल्यावर तो जरा हसला. अभिलेखांचे वर्ग असतात, म्हणाला, अ, ब, क, ड. कायम ठेवायचा तो ‘अ’. बाकीच्यांना मुदत. मुदत संपली की निंदणीकरण. तुमची पत्रकं निंदणीत कधीच गेली असणार.

“निंदणी म्हंजी काय?” मुलीने मला हळूच विचारलं.

“खुरपणी. आपण भांगलण म्हणतो ती.”

ती काही बोलली नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसली आणि मी वाचनालयाचे वर्गही अ, ब, क, ड असतात, आपलं ‘क’ आहे, असलं काहीतरी सांगत राहिलो. गप्प बसणं मला जमत नाही. त्या रविवारी वह्या काढल्यावर कुणीतरी नेहमीप्रमाणे “आज भांगलायचं का?” म्हणालं, तेव्हा तिने पेनाचं टोपण काढलं नाही. मीही म्हटलं, आज राहू दे.

वर्षाच्या शेवटी हस्तलिखित काढायचं ठरलं. ही कल्पना काही माझी नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, एका मास्तराकडून ते व्हायचं तर चौदा पोरांकडून वर्षाला एक अंक व्हायला हरकत नव्हती. ज्याचं अक्षर बरं त्याने उतरवायचं, बाकीच्यांनी समास आखायचे. सरपणाचा पाऊस पहिल्या पानावर. बैलाच्या खरेदीचा हिशेब मोडीत आणि खाली देवनागरीत. मोडीतली ती चिठ्ठी लेखकांच्या विरोधामुळे वगळली. आजीची खडी शेवटी, सहा पानं, आणि तिथे मात्र मुलीने स्वतःच्याच अक्षरात लिहायचा हट्ट धरला.

बांधणी करून आणली आणि ग्रंथपालकाकांना म्हटलं, वाचनालयाच्या नोंदवहीत चढवा. ते नियमाचे पक्के. दाखल क्रमांक टाकला, तारीख टाकली. लेखकाच्या रकान्यात चौदा नावं बसेनात, म्हणून ‘रविवार’ लिहिलं. मग किमतीच्या रकान्यापाशी थांबले. “किंमत काय टाकू? रकाना रिकामा ठेवता येत नाही, तपासणीला विचारतात.” पोरं एकमेकांकडे बघू लागली. मी काहीतरी भारदस्त बोलणार होतो, तेवढ्यात मोरवाला म्हणाला, “बाइंडिंगला साठ रुपये झाले.” काकांनी साठ लिहिलं.

हस्तलिखित संदर्भाच्या कपाटात, म्हणजे ते घरी नेता येत नाही. खिडकीजवळच्या मुलीने विचारलं, आजीला दाखवायचंय, तिला जिना चढवत नाही. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, एक रात्र. सोमवारी सकाळी परत पाहिजे.

याला आता पाच आठवडे झाले. ती दर रविवारी येते, चपला काढते, खिडकीजवळ बसते आणि हस्तलिखिताचा विषय काढत नाही. आजी रोज संध्याकाळी कुणाला ना कुणाला वाचून दाखवायला लावते, असं तिच्या धाकट्या भावाकडून कळलं. काकांनी विलंब शुल्काचा हिशेब एका चिठ्ठीवर मांडून ठेवला आहे आणि मी जिना उतरायला लागलो की ती चिठ्ठी मला दाखवतात.